तेरेझाबाई, मरियाबाई आणि मधली तार

लग्नघरात उखाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. त्यातून माझा जावई युरोपातला आणि त्याच्या दोन्ही आज्या दहा दिवस नवघरला आमच्याकडे मुक्कामाला. मग काय विचारता!

तेरेझाबाई वडिलांची आई, इटलीतल्या गोरित्सिया गावच्या. मरियाबाई आईची आई, रस्त्यापलीकडच्या, स्लोव्हेनियाच्या. मोठ्या लढाईनंतर मोठ्या साहेबांनी नकाशावर रेघ मारली आणि वस्तीतून तार ओढली. लढाईत दोन्हीकडची माणसं गेलेली, आणि दोष नेहमी पलीकडच्यांचा. पुढे तार निघाली, यांच्या मुलांनी एकमेकांशी लग्नही केलं. पण या दोघींचं बोलणं नाही! मी देवीला म्हटलं, "आई, अक्षता टाकायला दोघींना शेजारी बसव, तुझी ओटी भरीन."

पहिल्याच दिवशी गेटवर वॉचमनने रजिस्टर उघडलं. "आंटी, कंट्री?"

विहीणबाई, म्हणजे मरियाबाईंची लेक, इंग्रजी येणाऱ्या, म्हणून आमच्या दुभाषी. त्यांनी विचारलं. मरियाबाई म्हणाल्या, "कुठल्या साली?"

जन्म इटलीत, लग्न युगोस्लाव्हियात, पेन्शन स्लोव्हेनियात. घर तेच!

वॉचमन म्हणाला, "अच्छा, ट्रान्सफरवाली नोकरी!"

मी नव्या केरसुणीला हळदकुंकू लावत होते. मरियाबाईंनी टाळ्याच वाजवल्या! त्या लहान असताना एका रविवारी त्यांच्याकडच्या बायका हद्द ओलांडून पलीकडच्या बाजारात घुसल्या. कशासाठी? झाडूंसाठी! त्यांच्या बाजूला तेव्हा साधा झाडूही मिळत नव्हता. त्यांच्या आईने चार आणले.

तेरेझाबाईंनी भिंतीकडे बघत ऐकवलं, "म्हणूनच आम्हाला एक मिळाला नाही!"

रविवारी डोंगरीची माझी मैत्रीण फिलोमिना दोघींना चर्चला घेऊन गेली. एकाच बाकाची दोन टोकं पकडून बसल्या म्हणे. फिलोमिना वैतागली, "देव येकच हाय, आन् यांचा मधी कोण बसलाय? मीच!"

लग्नाच्या दिवशीही तेच. एक हॉलच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मी मनातल्या मनात जप करतेय. दोन मामांनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. पडद्याच्या अलीकडे लेक, पलीकडे जावई. तेरेझाबाई एकदम उभ्या राहिल्या आणि मोठ्याने काहीतरी बोलल्या. गुरुजी थांबले.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "त्या विचारताहेत, हा पडदा किती वर्षं ठेवतात?"

"वर्षं?" गुरुजी हसले. "पाच मिनिटं, आजी!"

ते तेरेझाबाईंना कळेपर्यंत मागून खरखर आवाज आला. मुठीत अक्षता घट्ट धरून मरियाबाई आपली खुर्ची ओढत हॉलभर चालत आल्या, ती तेरेझाबाईंच्या खुर्चीला टेकवली आणि त्यांना दोनच शब्द बोलल्या.

विहीणबाई डोळे पुसत मला म्हणाल्या, "आई म्हणतेय, सरक जरा."