वंशावळीतली पहिली बाई

माझ्या नातवंडांनो, तुमच्या आईच्या माहेरच्यांनी त्यांचं घराणं जहाजातून तुमच्या त्या परदेशात गेलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांपर्यंत शोधून काढलं. त्या तक्त्यात आपली बाजू कोरी आहे. ती मी आत्ताच भरून पाठवते आहे, कारण माझ्यानंतर इथले लोक ती पुरुषांपासूनच सुरू करतील.

इंग्रजांच्या पहिल्या जमीनमोजणीच्या कागदात सेलूजवळच्या आपल्या वावरावर एका पुरुषाचं नाव आहे. सगळे त्यालाच मूळपुरुष म्हणतात. पण लहानग्या लेकाला कडेवर घेऊन इथे आली ती त्याची विधवा आई. विहीर तिनं खोदली. मोजणीच्या वेळी ती जिवंत होती, तरी नाव लेकाचं लागलं. घरात मात्र दरवर्षी वांग्यांचा पहिला तोडा बाजारात नेण्याआधी पाच वांगी विहिरीच्या काठावर त्या बुढीच्या, म्हणजे म्हातारीच्या, नावानं ठेवतात.

म्हणून वंशावळीत मी तिला सर्वांत वर लिहिलं. माझे धाकटे दीर हसले.

"वहिनी, बाईले वर काऊन बसवून राह्यल्या? साहेबाच्या कागदात ते नाई."

"साहेब विहीर खोदाले आलता काय, भाऊजी? अन् पहिली वांगी तुम्ही कोनाच्या नावानं ठेवता?"

"ते तं रीत हाय."

"मंग हेही रीतच समजा."

तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. मी 'विहीर खोदणारी' असं लिहिलंय आणि ते खोडणार नाही. विहीर आजही आहे, आणि चैत्रातही तिला पाणी असतं.