आईंनी पाठवलेला आवाज

सासरे गेल्यावर माझ्या सासूबाई, सुनंदा, पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे नारायणगुड्याला राहायला आल्या. माझा नवरा चिन्मय आणि मी दिवसभर ऑफिसात. आई गॅलरीत बसून समोरच्या दुकानांच्या तेलुगू पाट्या वाचायचा प्रयत्न करायच्या, त्यात दुपार जायची. मग त्यांना गौलीगुड्यातली अंधांसाठीची ध्वनिपुस्तकांची लायब्ररी सापडली.

तिथला मराठी विभाग भाग्यलक्ष्मी सांभाळते. तिचे आजोबा निजामाच्या काळात मराठी मुलखात शेती करत. ती मात्र शहरातच वाढलेली, जन्मापासून दृष्टी नसलेली. तिच्यासाठी आई पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागल्या आणि पेनड्राइव्ह घेऊन ऑटोनं जायला लागल्या. पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा भाग्यलक्ष्मी म्हणाली, घरूनच माझ्या कॉम्प्युटरवर पाठवा.

ती स्वतः माउसला हात लावत नाही. कमांड लिहिते, आणि उमटलेलं यंत्र तिला वाचून दाखवतं. तीच रीत तिनं आईंना फोनवरून शिकवली. पडद्यावर कमांडची काळी खिडकी उघडायची आणि एकच ओळ लिहायची: आधी कुठली फाइल, मग ती कुठे ठेवायची. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा आईंना वाटलं कीबोर्ड बिघडला.

"दिसत नाही म्हणजे लिहिलं जात नाही असं नाही, काकू," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

आईंना ते जमलं, आणि मग त्याचा थोडा तोराही आला.

एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण पाठवल्यावर मात्र त्यांचं समाधान होईना. नायिकेचं मरण आपण बातम्या दिल्यासारखं वाचलं, म्हणाल्या. बऱ्याच दुपारी खपून त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि त्याच नावानं ठेवलं. पाठवताना जागांची अदलाबदल झाली. लायब्ररीचा पत्ता आधी लिहिला, घरचा नंतर. यंत्रानं काही विचारलं नाही. तिथलं जुनं वाचन इथे आलं आणि नवं पुसून त्याच्या जागी बसलं.

संध्याकाळी आम्ही आलो तर आई दिवाही न लावता बसलेल्या. चिन्मयनं खूप शोधलं, पण नवं वाचन कुठेच उरलं नव्हतं. हे आता माझ्यानं व्हायचं नाही, असं सांगायला आईंनी भाग्यलक्ष्मीला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मला तिचं बोलणं ऐकू आलं.

ती म्हणाली, "हौ काकू, माझ्या हातनंपण झालंय हे. आमच्याकडे कुसुमताई वाचायच्या. त्यांचं अख्खं पुस्तक मी असंच पुसलं, त्या वारल्यानंतर. तुम्ही आहात की. परत वाचा."

आईंनी फोन ठेवला आणि त्या जेवायला उठल्या.

रविवारी भाग्यलक्ष्मी स्वतः आमच्याकडे आली. पंखा बंद करून दोघी आईंच्या खोलीत बसल्या. वाचताना एका जागी आईंचा आवाज भरून आला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, एवढं परत घेऊ म्हणाल्या. भाग्यलक्ष्मीनं राहू द्या म्हणून सांगितलं. मग आईंनी कमांड लिहिली, मोठ्यानं वाचून दाखवली आणि तिनं होकार दिल्यावरच एंटर दाबलं.

चिन्मयनं एका बटणावर सगळं होईल अशी सोय करून द्यायची तयारी दाखवली. आई नको म्हणाल्या. आता कमांड वाचून दाखवायला त्या भाग्यलक्ष्मीला रोज दुपारी फोन करतात. ओळ एकच असते, पण फोन तासभर चालतो.