मी दिलेली बाबागाडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, फोनवर आईलाही नाही. सांगायला बसते आणि दुसरंच काहीतरी बोलून उठते — आत्ताही तेच होणार, असं वाटतंय.

गुरुग्रामला पुण्याच्या एका कुटुंबाकडे मी मूल सांभाळते. आठवीत शाळा सुटलेली मी, या मुलखात ओळखीचं कुत्रं नाही. तिथल्या ताईंनी मला घरात घेतलं, आपल्याबरोबर जेवायला बसवलं. त्यांचे उपकार आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो गाडी बनवणाऱ्या कंपनीवर! बाळाची बोटं कुठे कुठे जातात हे ज्यांना कळत नाही, त्यांनी बाबागाड्या करायच्याच कशाला? आणि मग म्हणे परत मागवल्या. ज्यांनी विकत घेतल्या त्यांना मेल आला. ज्यांच्याकडे त्या पुढे गेल्या, त्यांना कोण कळवणार?

बघा — पुढे गेल्या म्हणे. आपोआप गेल्या का?

ताईंनी मला नीट सांगितलं होतं. "मंगल, हिचे बेल्ट काप, मी फोटो काढून कंपनीला पाठवते, म्हणजे ते पैसे परत देतील. मग टाकून दे. कोणाला देऊ नकोस हं — घडी घालताना सांध्यात बोट सापडतं."

मी बेल्ट कापले. फोटो निघाला. गाडी घेऊन कचऱ्याच्या खोलीपर्यंत गेलेही. पण काय गाडी होती! मऊ कापड, डाग नाही कुठे. मला या घरातून सगळं मिळत आलंय — साड्या, डबे, जुना मोबाईल. मी कधी कोणाला काही दिलं होतं? एकदा आपणही द्यावं, कोणीतरी आपल्याकडे तसं बघावं, असं वाटलं. मोठ्या लोकांना कशाचीही भीती वाटते, असं मनाशी म्हटलं — आणि गाडी माझ्या खोलीवर नेऊन कापलेले बेल्ट दुहेरी दोऱ्याने शिवले. बसून. शांतपणे.

गेटवरच्या गार्डची बायको रिंकू, बिहारची, तिला पहिलीच मुलगी. "अरे दीदी, ये तो रानी लोगों वाली है!" म्हणत ती माझ्या पाया पडली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. सांध्याबद्दल मी अक्षर काढलं नाही — काढलं असतं तर देणं फुकट गेलं असतं ना?

महिना झाला नसेल. रिंकू घडी घालत होती आणि मुलीचं बोट सांध्यात सापडलं. पुढचं पेर गेलं. तिचा नवरा सगळ्यांदेखत ओरडला, "आँखें कहाँ थीं तेरी? मोबाइल में?" ती मुलीचं बोट ओढणीत गुंडाळत होती.

आणि मी? हेच तर इतका वेळ टाळतेय. मी पुढे होऊन तिला म्हटलं, "ध्यान रखना चाहिए था ना, रिंकू. इतनी अच्छी गाड़ी दी थी."

काम जाईल म्हणून घाबरले होते, हे खरं. पण घाबरलेल्या माणसाला गप्प बसता येतं. मी बोलले.

गाडी नंतर मीच उचलून नेली आणि मोडून टाकली. त्याबद्दलही तिने माझे आभार मानले.

ती मुलगी आता पळते. परवा गेटपाशी कोणा बाईने तिच्या बोटाचं विचारलं. रिंकू म्हणाली, "मेरी ही गलती थी, आंटी. दीदी से पूछ लो."

बाईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — हो म्हणून.