गुडघ्याएवढा मी

“हात दिसतोय! तो काळा हात दिसतोय अजून!”

बाई ओरडत होत्या. आखातातल्या एका शहरात, हूरा भागातल्या आमच्या फोटो स्टुडिओत, काउंटरवर एन्लार्जमेंट आपटून. आवाज असा, की शेजारच्या जुफैरच्या आरमारी तळावरचं एखादं लढाऊ जहाज घाबरून मागं सरलं असेल.

फोटो त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाचा. मुलगा खुर्चीवर उभा, पुढ्यात केक. मागं अल्माझ, त्यांच्या घरी कामाला असलेली इथिओपियाची पोरगी, वीस-एकवीसची. बाईंनी बजावलं होतं, हिला काढून टाका. मी कडेनं कापली. पण मुलाच्या पोटाभोवती तिचा हात होता. तो कापायचा तर मुलगाच कापावा लागत होता.

“हात काढला तर बाळ केकमध्ये पडेल, बाई,” मी म्हणालो. गंमत सुचली की मला राहवत नाही.

अल्माझ तिथंच उभी होती. त्याच मुलाला कडेवर घेऊन. त्याच हातानं.

“ब्रशनं पुसा. शनिवारी न्यायला येईन. आणि जास्त बोलू नका. कुठले तुम्ही? आडनाव काय?”

आता, हूरात माझी सात आडनावं चालायची. गिऱ्हाईक बघून आडनाव. एकाला तर सांगितलेलं, आमचे आजोबा संस्थानचे दरबारी फोटोग्राफर. मी आठवं आडनाव शोधत होतो, तेवढ्यात आमच्या मंगळूरच्या मालकानं खरं सांगून टाकलं.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“अच्छा. तरीच हिचा एवढा पुळका.”

मी पावती पुढं केली. आल्या तेव्हा फोटो माझ्या हातातून घेतला होता त्यांनी. आता म्हणाल्या, “काउंटरवर ठेवा.”

मी विमानानं समुद्र ओलांडून आलो होतो. माझं आडनाव माझ्या आधी पोचलं होतं.

“यल्ला, चल, पुसून टाक. खलास,” मालक म्हणाला. मी ब्रश रंगात बुडवला. आणि गुडघा आठवला.

चौथीतला शाळेचा फोटो. तालुक्याहून फोटोवाला आलेला. गुरुजींनी आम्हा वस्तीतल्या चार पोरांना ओळीपासून लांब, जमिनीवर बसवलं. फोटो धुऊन आला तर आम्ही नाहीच. कडेला फक्त एक गुडघा. खरचटलेला. माझा. आईनं तरी तो फोटो विकत घेतला, भिंतीला लावला. येईल त्याला बोट ठेवून दाखवायची, “ह्यो माझा ल्योक.” मरेपर्यंत गुडघा दाखवला तिनं. मी जन्मभर हा किस्सा लोकांना हसवायला सांगितला. त्या दिवशी हसू आलं नाही. हातातला ब्रश गुरुजींचा होता.

ठेवला खाली.

शुक्रवारी अल्माझला चर्चसाठी दोन तास सुटी असायची. मालक जेवायला गेला की ती मैत्रिणींना घेऊन यायची, घरी पाठवायचे फोटो काढायला. माझ्याकडं स्वित्झर्लंडचा पडदा होता आणि एक बंद पडलेला फोन. रिसीव्हर कानाला लावला की मोलकरीण झाली ऑफिसर. अर्धा इथिओपिया मी ऑफिसात चिकटवला! अल्माझच्या आईला वाटायचं, पोरगी बँकेत आहे. थापांचा कारखानाच माझा.

त्या शुक्रवारी मी न पुसलेला फोटो तिच्यापुढं ठेवला. तिची हिंदी मोडकी. मराठी येत होती ती नुसती हुकमाची, बाईंकडून शिकलेली: ये, जा, पूस, हलू नको.

“हात मेरा. मफी कट.” म्हणजे कापायचा नाही.

“नौकरी जाएगी. तेरी भी, मेरी भी.”

“हात मेरा.” पुन्हा तेच. मग तिनं रिसीव्हर बाजूला सारला. “कॅमेरा दे.”

दिला. पहिल्या तीन फोटोंत तिचाच अंगठा. मग तिनं नियम काढला: “पहले बोल. फिर फोटो.” एक मैत्रीण बोलली आणि तिनं बाही वर केली. इस्त्रीचा डाग, त्रिकोणी. दुसरी धुण्याच्या मशीनशेजारी झोपायची. ते सांगताना रडली. अल्माझ थांबली. त्या पोरीनं डोळे पुसून मान वर केली, तेव्हाच अल्माझनं बटण दाबलं. मी हजारो थोबाडं टिपली होती, कुणासाठी एवढा थांबलो नव्हतो. प्रत्येकीनं आपल्या फोटोमागं आपलं आपण लिहायचं ठरवलं. आणि अल्माझ आईला वाढदिवसाचा फोटो पाठवणार होती. बँक नाही. ती आहे तशी.

शनिवारी बाई आल्या. मागं अल्माझ. मी अख्ख्या निगेटिव्हचा फोटो काढून ठेवला होता: मुलगा, केक, आणि मागं ती, हसणारी.

“हे काय?”

“जे होतं ते.” मग मी आडनाव सांगितलं. एकच. गाव सांगितलं. जात विचारायच्या आत म्हणालो, “बौद्ध आहे. हा हात मी पुसणार नाही.”

फोटो काउंटरवर ठेवला नाही. हातात धरून राहिलो. बाईंनी घेतला नाही. मागून एक हात आला आणि तो घेऊन गेला. तोच हात.

मालकानं सांगितलं, महिनाअखेर माझा व्हिसा रद्द. अल्माझला बाईंनी काढलं नाही, पोरगं दुसऱ्याच्या हातचं खाईना. तिची शुक्रवारची सुटी मात्र बंद केली. पुढच्या शुक्रवारी ती आली. सुटी दिली नव्हती, तिनं घेतली.

तिनं स्वित्झर्लंड गुंडाळला, मला स्टुलावर बसवलं. “बोल.”

बोललो. थाप न मारता, आईपर्यंत, गुडघ्यापर्यंत. इथून पुढं जिथं जाईन तिथं आडनाव हेच, आणि कुणाच्या अंगावर ब्रश फिरवणार नाही, हेही. मग विचारलं, “गुडघा आला का?”

कॅमेऱ्यामागून ती म्हणाली, “पूरा आया. हलू नको.”