भाऱ्याला हात

माझ्या भावाची कंबर मी मोडली. कोणी असं म्हणत नाही. उलट धानोऱ्याकडच्या आमच्या गावात "बहीण असावी तर अशी" म्हणतात, आणि ते ऐकलं की तोंड कुठे लपवू असं होतं मला.

नागपूरच्या विमानतळावर मी चेक-इनच्या काउंटरवर बसते. सामान चढवायला माणसं भरताहेत असं कळलं, तेव्हा ठेकेदाराच्या माणसाला मीच छातीठोकपणे सांगितलं, "माझा भाऊ धानाचे भारे वाहून मोठा झालाय. तुमच्या बॅगा म्हणजे त्याला खेळ!" काय शहाणी मी! अगं, भारा डोक्यावर असतो, पाठ ताठ असते. आणि मुळात आमच्याकडे भारा कोणी एकटा उचलतच नाही. दुसरा हात लावतो, डोक्यावर चढवून देतो. विमानाच्या पोटात तर उभंही राहता येत नाही. गुडघ्यांवर बसायचं, कमरेत वळायचं आणि एकेक बॅग आत सारायची, बॅगेमागून बॅग. हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

तो कामाला लागला. वर काउंटरवर मी, खाली विमानापाशी तो. एखादे काका गयावया करायचे, "थोडंच जास्त आहे, जाऊ द्या ना मॅडम," आणि मी हसून जाऊ द्यायची. बॅग जड आहे हे उचलणाऱ्याला कळावं म्हणून पट्टी असते, ती लावायचाही कंटाळा. चांगुलपणा माझा, ओझं त्याचं. आणि रात्री माझ्याच घरी जेवताना मीच त्याला विचारायची, काय रे, थकला का?

पावसाळ्यात त्याची कंबर धरली. डावा पाय बधिर व्हायला लागला. वाकून काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तो गावी आला, पण धान निघालं की परत कामावर जाणार म्हणे. धानाच्या बांधणीसाठी मी गावी गेले, तेव्हा भावजयीनं मला बाजूला घेतलं. "बाई, तुम्हीच सांगा यायले, जाऊ नका म्हनून. माहं नाई ऐकत. बाईचा शब्द खाली पडन म्हन्ते." बाई म्हणजे मी, त्याची मोठी बहीण. माझा शब्द! आग लागो त्या शब्दाला. सांगते म्हणाले, आणि दोन दिवस टाळत राहिले.

बांधणीच्या दिवशी आम्ही सगळेच शेतात होतो. भारे खळ्याकडे चालले होते आणि भाऊ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेला. शेजारच्या शेतातला म्हातारा गमतीनं म्हणाला, "काऊन रे, विमानापाशी राहून नाजूक झाला का?" सगळे हसले. भाऊ ताडकन उठला. डोक्यावर चुंबळ ठेवली, भाऱ्याशी वाकला आणि मला म्हणाला, "बाई, हात लाव."

मी जागची हलले नाही.

"लाव ना. काऊन उभी?" कळ दाबून त्याचे ओठ पांढरे पडले होते. सगळे आमच्याकडे पाहत होते. मला म्हणायचं होतं, याची काही चूक नाही, तिथलं काम कसं असतं ते न बघता मीच याला तिथं घातलं. अगदी जिभेवर आलं होतं हो. पण तोंडातून भलतंच निघालं.

"सोड. तुले नाई जमत आता."

त्यानं चुंबळ काढून खाली ठेवली आणि घराकडे चालू लागला. भावजयीनं दुसऱ्या बाईच्या हातानं तो भारा आपल्या डोक्यावर घेतला. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तो परत कामावर गेला नाही. मला हवं होतं तेच झालं. पण आता गावात बसून करायचं कामही त्याला कोणी सांगत नाही. कोणी नाव काढलंच, तर दुसरा लगेच म्हणतो, "राहू दे. त्याच्या बहिणीनंच सांगितलं ना, त्याले जमत नाई."