शून्य सेकंदाचा टायमर आणि परीक्षक साहेब

मंडळी, आज आमच्या नांदेडच्या कॉलेजात तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षक साहेबांनी मुदखेडच्या शबानाला विचारलं, “जावास्क्रिप्टच्या टायमरला शून्य सेकंद दिले तर?”

“सर, लगेच न्हाई चालत. काम रांगेत लागतं. हातातलं संपलं की मग त्याचा नंबर येतो.”

साहेब खो खो हसले. “शून्य म्हणजे लगेच! मुदखेडात असंच शिकवतात का?”

पोरीनं तिथंच कोड चालवून दाखवला. टायमरच्या खाली लिहिलेला लांबलचक लूप, म्हंजे तेच ते काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, आधी संपला, मगच टायमर चालला.

“तुमचा कम्प्युटरच स्लो आहे,” म्हणत साहेबांनी शून्य मार्क टाकले.

मी तिची शिक्षिका, कॉलेजची परीक्षक म्हणून शेजारीच बसलेली. म्हटलं, “या मार्कांच्या कागदावर मी सही करणार न्हाई.”

तेव्हा साहेबांनी गुमान शून्य खोडून दहापैकी दहा लिहिले. माफी मात्र मागितली न्हाई.

वर आणि जाताना कॉलेजकडून शाल-नारळ घेऊन गेला हा अडाणी. तुमच्याकडंही असल्यांचा सत्कार होतो का हो?