आतोबा यंदाही वर गेले नाहीत

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत आमच्या आतोबांइतक्या वेळा पृथ्वीचा निरोप घेतलेला दुसरा माणूस नाही. आणि निरोप म्हणजे साधासुधा नाही हां. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, गॅस बंद, नळ बंद, शेजारीपाजारी सगळ्यांना सलाम, आणि मग जिना चढून बिल्डिंगच्या गच्चीवर. तिथे टाकीशेजारी उभे राहून ते प्रभूची वाट बघतात. दोन दिवसांनी खाली येतात आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारतात, "दूधवाला येऊन गेला का?"

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे मिस्टर. शिवमंदिराच्या अलीकडे आमची बिल्डिंग आहे, ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर. आम्ही सगळे ख्रिस्ती, एकाच चर्चमध्ये जाणारे. येशू परत येणार हे आम्हीपण मानतो, फक्त आम्ही त्याला टाइम विचारत नाही. आतोबांकडे मात्र अख्खं टाइमटेबल आहे. त्यांचं म्हणणं असं, की देव आपली मोठी कामं यहुद्यांच्या सणांची तारीख बघूनच करतो. वल्हांडणाला येशू क्रूसावर गेला, त्यानंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पवित्र आत्मा उतरला, म्हणजे उन्हाळ्यातले सण वापरून झाले. आता उरले पावसाळ्यानंतरचे तीन: कर्ण्यांचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. त्यातल्या कर्ण्यांच्या सणाला शेवटचा कर्णा वाजणार आणि खरे विश्वासणारे जिथे असतील तिथून डायरेक्ट ढगात उचलले जाणार. बाकीचे, म्हणजे मी, खाली राहून सात वर्षं हाल काढणार. हे ज्ञान त्यांना यूट्यूबवरच्या एका टायवाल्या अमेरिकन माणसाने दिलं. तो लाल बाण मारलेले तक्ते दाखवतो. आतोबांना इंग्रजी अर्धं कळतं, उरलेलं अर्धं ते विश्वासाने भरून काढतात.

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा त्यांना चर्चच्या दारातच गाठलं होतं. "अहो, तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असं शास्त्रात स्पष्ट लिहिलंय ना?" आतोबा जराही हलले नाहीत. "बरोबर साहेब. म्हणूनच तर! हा सण नवा चंद्र दिसल्यावर लागतो, दोन दिवस धरतात. दोनपैकी कुठला ते कोणालाच ठाऊक नाही." पाळकसाहेब बिचारे खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसले. आता चंद्र म्हटला की अमावस्या आली, आणि अमावस्या म्हटली की मराठी कॅलेंडर. त्यामुळे दरवर्षी आतोबा तळमजल्यावरच्या काकूंना विचारायला जातात, "यंदा घटस्थापना कधी हो?" काकूंना वाटतं माणूस देवीच्या नादाला लागला. त्या प्रेमाने म्हणतात, "या ना आरतीला." आणि तारीख फुकट गेली की आतोबांकडे कारण तयार असतं: यहुद्यांचा अधिक महिना मोजायचा राहिला. अधिक महिन्यात काकूंच्या जावयाला अनारसे मिळतात, आमच्या आतोबांना पुढची तारीख.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. आजूबाजूला सगळे जीन्सचे कारखाने. कर्ण्यांचा सण जवळ आला की आतोबांचा हात असा चालतो, की बघत राहावं. कोणाचं मशीन उघडं टाकून वर जायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे जे मशीन एरवी पंधरा दिवस कोपऱ्यात पडून राहील ते त्या आठवड्यात दोन तासांत टकाटक चालू होऊन बाहेर. कारखानेवाले हुशार, ते वर्षभराची खराब मशीनं याच सीझनला आणतात. सण उलटला की समोरचा सिंधी दुकानदार शटर वर करता करता ओरडतो, "क्या साईं, गया नहीं? मैंने सोचा तेरी दुकान मैं ले लूं!" आतोबा त्याला गंभीरपणे सांगतात, "तेरे लिए टाइम बढ़ाया है प्रभू ने." पंधरा वर्षं या माणसाचा अंदाज चुकतोय, आणि उपकार मात्र आमच्यावर!

गच्चीवर जायच्या आधी ते फ्रीजवर एक पाकीट ठेवून जातात. वर लिहिलेलं असतं, 'मागे राहणाऱ्यांसाठी'. आत माझं नाव पहिलं. सिलिंडरचा नंबर कसा लावायचा, कपाळावर किंवा हातावर कोणी सैतानाचा शिक्का मारायला आलं तर मारून घ्यायचा नाही, मनीप्लांटला पाणी घालायचं. मी विचारलं, "आतोबा, निदान वेटिंग लिस्टला तरी टाका की मला!" तर म्हणाले, "तू नकला करतोस." हे मात्र खरं. नाताळच्या कार्यक्रमात मी स्टेजवर त्यांची नक्कल केली होती, मान वर, एक हात कानामागे, डोळे ढगात. सगळ्यात जोरात आतोबाच हसले. त्यांना वाटलं मी पाळकसाहेबांची करतोय.

इथपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. पण आत्याला मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, उजवा आधी करून टाका, लांबवू नका. आतोबा म्हणाले, "दोन महिन्यांत नवं शरीर मिळणार आहे. या डोळ्याला कशाला हात लावायचा?" दोन महिने गेले, सण गेला, मग म्हणाले प्रायश्चित्ताच्या दिवसानंतर बघू, मग मांडवांच्या सणानंतर, मग पुढच्या वर्षी. अशी दोन वर्षं. आत्या भाजीत मीठ दोनदा टाकायला लागली, मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारायला लागली. मला हसू यायचं ते यायचं बंद झालं. नक्कल करायची पण इच्छा होईना.

शेवटी आत्याने शहाडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गुपचूप नंबर लावला. सकाळी नऊची वेळ. मी जॉबला, आतोबा दुकानात, ही एकटीच निघणार होती. आता त्यांच्या हॉलमध्ये दोन घड्याळं आहेत, शेजारी शेजारी. एक आपलं आणि एक यरुशलेमचं, अडीच तास मागे. आत्याने बिचारीने धूसर नजरेने वर बघितलं आणि तिला दिसलं यरुशलेमचं. साडेसहा वाजलेत म्हणून तिने आरामात डोकं धुतलं, पोळ्या लाटल्या. दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर हात धुऊन निघून गेले होते. पुढची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. ती नेमकी कर्ण्यांच्या सणाची, आणि गुपितही फुटलं.

"तारीख बदलून घे," आतोबा म्हणाले. मी तिथेच होतो, चहा पीत.

"नाही बदलणार. तुम्ही वर जा, मी शहाडला जाते."

"अगं, तू टेबलावर असताना कर्णा वाजला म्हणजे?"

"तर एक डोळा झाकून येईन."

"आणि डॉक्टरच उचलले गेले तर?"

"त्यांना त्या दिवशी बारा ऑपरेशनं आहेत, ते कुठे जात नाहीत," आत्या म्हणाली आणि कप उचलायला गेली. हात कपाच्या चार बोटं शेजारी पडला. आतोबांनी ते बघितलं. मी पण बघितलं.

त्या सकाळी आतोबा पांढरे कपडे घालून गच्चीवर गेले आणि मी आत्याला रिक्षात घालून शहाडला नेलं. तिथे तिला हिरवी टोपी घातली, डोळ्यात थेंब टाकले आणि बाहेर बाकड्यावर बसवलं. तिचे हात गार पडले होते. ती हसावी म्हणून मी हळूच आतोबांचा आवाज काढला, "यरुशलेमात आता पहाट आहे बरं का." ती हसली नाही. तेवढ्यात कोणीतरी पांढऱ्या कपड्यातलं येऊन तिच्यासमोर उभं राहिलं. आत्या घाईघाईने पदर सावरत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझं अजून किती वेळ?"

"मी आहे गं," आतोबा म्हणाले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"तुम्ही? गेला नाहीत?"

"उभा होतो टाकीपाशी," ते तिच्या शेजारी बसत म्हणाले. "मनात आलं, वर गेलो आणि पहिलाच प्रश्न आला, बायको कुठंय? तर काय सांगू? शहाडला?"

आत्याने त्यांचा हात चाचपून शोधला आणि धरला. मला त्यावर एक जबरदस्त टोमणा सुचला होता, पण नर्सने नाव पुकारलं. ती आत गेली. आतोबा दारासमोर उभे राहिले, मान सरळ, नजर त्या बंद दारावर. अर्ध्या तासात मी त्यांना चार वेळा बसा म्हटलं. पाचव्यांदा मीच जाऊन शेजारी उभा राहिलो.

दुपारी परत निघालो. आत्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी, मधे आतोबा, मी कडेला. पावसाने रस्त्याची पार चाळण केली होती. आतोबा पुढे वाकून रिक्षावाल्याला सारखं सांगत होते, "हळू दादा, खड्डा आहे. डावीकडून घ्या. हळू." एका हाताने त्यांनी आत्याचं डोकं खांद्याशी धरून ठेवलं होतं, हिसका बसू नये म्हणून. पंधरा वर्षं ज्या दिवशी या माणसाने आकाशावरून नजर हलवली नव्हती, त्या दिवशी तो अख्खा रस्ता खालीच बघत होता. मीच मग रिक्षातून डोकं बाहेर काढून एकदा वर बघून घेतलं. म्हटलं, त्यांच्या वतीने कोणीतरी बघायला पाहिजे.